खेळाडूंची जबानी

पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास लिहावयास बसणाऱ्या प्रामाणिक माणसाला एका पगारी नोकरापासून आरंभ करावा लागेल. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. वडील लष्करात नोकरीला. प्रथम पारशी गृहस्थांच्या एका क्लबात दरमहा तीन रुपयांवर, आणि १८९२ पासून पूना क्लबात चार रुपयांवर ते कामाला होते. खेळपट्टीवर रूळ फिरविणे, जाळे बांधणे, मैदानाची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग यांना त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि बॅट हाती धरणे हा धन्याचा अधिकार, अशी ती विभागणी होती. ज्याला आज आपण व्यावसायिक खेळाडू म्हणतो, तो आमच्या समाजात या वाटेने जन्माला आला.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरविण्यासाठी बाळूंच्या डाव्या हाताची गरज भासली. अस्पृश्याला संघात घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाला आणि अखेर त्यांना घेतले गेले. मैदानावर एकच चेंडू साऱ्यांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चामड्याच्या चेंडूला विटाळ नाही आणि चहाच्या कपाला आहे, हे शास्त्र कोणत्या स्मृतीत सांगितले आहे ते त्या क्लबाच्या सभासदांनाच ठाऊक!

हे सारे आपण वाचतो. परंतु ते सांगणारे कोण? इतर लोक. बाळूंनी स्वतःचे चरित्र लिहिले नाही. त्यांना बाद केल्याबद्दल ग्रेगसाहेब प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, हे सांगू शकणारा माणूस ४ जुलै १९५५ पर्यंत मुंबईत हयात होता. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६० सांगत असे की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्याने पाहिले त्यानेच सांगावे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व कायम आहे. न्यायालयात आम्ही वकील ऐकीव पुराव्यावर तात्काळ हरकत घेतो. आपल्या समाजाचा इतिहास मात्र आपण निमूटपणे ऐकीव पुराव्यावर चालू देतो.

अमेरिकेत बेसबॉल या खेळाच्या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १९६१ साली टाय कॉब हा विख्यात खेळाडू वारला, तेव्हा लॉरेन्स रिटर नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेतले आणि गावोगाव विखुरलेल्या वृद्ध खेळाडूंच्या दारी जाऊन त्यांना बोलते केले. त्या मुलाखतींचे पुस्तक १९६६ मध्ये निघाले. पगार किती होता, मालक कसे वागत, हात थकल्यावर पोट कसे भरले, हे खेळाडूंनी स्वतःच्या भाषेत सांगितले. पण तेही गोऱ्यांचेच जग होते. काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती. त्यांनी १९२० मध्ये आपली वेगळी व्यावसायिक संघटना उभारली. तिला व तिच्या मागोमाग निघालेल्या संघटनांना त्या काळी नीग्रो लीग म्हणत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला तेव्हा ती भिंत फुटली. परंतु भिंतीपलीकडे ज्यांचे आयुष्य संपून गेले होते त्यांचे काय? जॉश गिब्सन हा प्रचंड ताकदीचा फलंदाज त्याच वर्षीच्या जानेवारीत, अवघे तीन महिने आधी, मरण पावला होता.

१९७० साली रॉबर्ट पीटरसन यांनी आणि १९७५ साली जॉन हॉलवे यांनी या काळ्या खेळाडूंची जबानी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये सॅचेल पेज या गोलंदाजाला खेळाच्या कीर्तिमंदिरात घेण्याचे ठरले, तेव्हा त्याचा सन्मान तेथे वेगळ्या विभागात ठेवण्याचा घाट घातला गेला. म्हणजे पुन्हा मंडपाबाहेरचा चहा! टीकेची झोड उठली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. जबान्यांनी प्रश्न जिवंत ठेवला, जुन्या वृत्तपत्रांतील धावफलकांनी त्याला आकडे पुरविले. डिसेंबर २०२० मध्ये त्या संघटनांना मोठ्या संघटनांचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत सामील झाले. तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत मेलेला गिब्सन मेलेल्या कॉबच्या पुढे गेला. गिब्सनच्या मुलाबाळांना यातून धनलाभ झाला नसेल, पण खोटा दस्तऐवज दुरुस्त झाला, आणि वकिलाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे असा एकही दस्तऐवज नाही असे मात्र कोणी समजू नये. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले व ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी, ज्या १९२० सालात अमेरिकेतील काळे खेळाडू आपली संघटना बांधीत होते त्याच सालात, पालवणकर बंधूंनी मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी एक पाऊल उचलले होते. बाळूंना त्या वर्षी वगळले होते. नियोजित कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांची ज्येष्ठता डावलून देवधरांना नेमले गेले. विठ्ठल आणि शिवराम जाहीर निवेदन काढून संघाबाहेर पडले. अंतिम सामन्यासाठी त्यांना परत बोलवावे लागले, बाळूंनाही उपकर्णधार करून घ्यावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या बाळूंना जे मिळाले नाही, ते धाकट्या भावाला मिळाले. मिळाले ते निवेदनामुळे, कोणाच्या औदार्यामुळे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या घरच्या दोषाकडे वळू. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा अस्पृश्य समाजाने सत्कार केला होता. पुढे त्यांचे नाव आपल्या सभांतून का मावळले? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, पण स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या बाजूचे नव्हते. धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांचा विरोध होता. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. लोकप्रिय गोलंदाजाचे नाव कोणी कशासाठी वापरले हे समजण्यास फार बुद्धी लागत नाही. बाळूंचा निर्णय चुकीचा होता असेच मी मानतो. पण प्रतिपक्षाचा साक्षीदार म्हणून त्याला पिंजऱ्यात बोलवायचेच नाही, हा कोणता न्याय? उलट त्यालाच खोलवर विचारले पाहिजे. ज्या संघाने मातीच्या भांड्यात चहा दिला, त्याच समाजात राहून सुधारणा होईल असे त्या माणसाला का वाटले? कप्तानपद धाकट्याला मिळाले म्हणून वाटले काय? धर्मांतराच्या प्रश्नाला याहून जवळचा साक्षीदार मिळाला नसता.

साक्षीचे मोल बाबासाहेबांइतके कोणी जाणले नव्हते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये येथेच, पुण्यात, सायमन कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. प्रवासात, धर्मशाळेत, पाण्याच्या हौदावर आलेले अनुभव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. तो परिपाठ आपण खेळाच्या मैदानावर नेला नाही.

आजचा खेळाडू पुष्कळ बोलतो, हे खरे. सामना संपला की त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक येतो. पण त्याला नाणेफेक आणि खेळपट्टी यांपलीकडचे विचारीत नाहीत. निवड चाचणीचा निरोप तुला कोणी दिला, पहिले बूट कोणाच्या पैशाने आले, प्रशिक्षकाने आडनाव ऐकल्यावर काय विचारले, जखमी झाल्यावर औषधपाण्याचा खर्च कोणी सोसला, करारावर सही करताना तो वाचून दाखविला काय, हे प्रश्न त्याला विचारावयास हवेत. माझ्या व्यवसायात एक गोष्ट पक्की कळते: साक्षीदार खोटे फार थोडे बोलतो, पुष्कळदा त्याला कोणी विचारलेलेच नसते.

पुण्यात वकील आहेत, विद्यार्थी आहेत, आणि बोललेले टिपून घेणारे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. कबड्डी, कुस्ती, हॉकी, क्रिकेट खेळून निवृत्त झालेले आपले लोक दापोडी, खडकी, भवानी पेठ, येरवडा येथे राहतात. मैदानांवर रूळ फिरविणारेही राहतात आणि त्यांतील काहींनी तरुणपणी उत्तम गोलंदाजी केलेली असते. प्रत्येकाची जबानी त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, वाचून दाखवून आणि त्याच्या संमतीने नोंदवावी. त्याचे राजकारण आपल्याला पटो वा न पटो, त्यातील एकही ओळ गाळू नये. आरंभ सर्वांत वृद्ध माणसापासून करावा.