पडद्यावरील काडतूस

जबलपूरला तोफेचा आवाज परका नाही. १९०४ साली या शहरात तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियास दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटरची तोफही येथेच तयार होते. याच शहरात १८ सप्टेंबर १८५७ रोजी गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. शंकर शाहांच्या घरी सापडलेली, शत्रूच्या संहारासाठी देवीला केलेली एक पद्यप्रार्थना त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली होती. त्याच रात्री ५२ वी पलटण बंड करून छावणी सोडून निघून गेली. ज्या घटनेत कविता हा पुरावा आणि तोफ ही शिक्षा होती, तिच्या शहरात पडद्यावरील शस्त्रास्त्रांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न केवळ हौशी जाणकारांवर सोपवून चालणार नाही. तो साहित्याच्या अभ्यासकांचाही प्रश्न आहे.

सत्तावन्नच्या कालखंडावरील चित्रपट आणि दूरदर्शन-मालिका पाहिल्या, की एक दोष वारंवार आढळतो. शिपाई बंदूक खांद्याला लावतो, चाप ओढतो आणि लगेच दुसरा बार काढतो. मधली भरण्याची क्रिया बहुधा गाळलेली असते. वस्तुतः ती ठासणीची बंदूक होती. कागदी काडतुसाचे टोक दाताने तोडावयाचे, आतली दारू नळीत ओतावयाची, गोळी घालून गजाने ठासावयाची, चापाखाली टोपी बसवावयाची आणि मग नेम धरावयाचा. कसलेल्या शिपायासही मिनिटाला दोन-तीन बारांहून अधिक काढणे कठीण जाई.

ही क्रिया गाळल्याने केवळ तपशील हरवतो असे नाही. बंडाचे कारणच अनाकलनीय होते. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि रुळला. परंतु त्याचा वाच्यार्थ मध्यंतरी पालटला. आजच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे पितळी काडतूस उभे राहते, आणि ते दाताने तोडण्याचे काही प्रयोजन त्याला दिसत नाही. मग गाई-डुकरांच्या चरबीविषयीचा शिपायांचा क्षोभ त्याला निव्वळ भोळसटपणा वाटू लागतो. कवायतीचा हुकूम प्रत्येक बाराच्या वेळी ते काडतूस शिपायाच्या तोंडाशी नेत होता, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे त्या क्षोभातील तर्क स्पष्ट होतो. शिवाय ज्यासाठी ती काडतुसे होती ती नवी एन्फील्ड बंदूक तेव्हा प्रशिक्षणाच्या मोजक्या ठाण्यांवरच पोचली होती. बंडवाल्यांपैकी बहुतेक जण जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकांनीच लढले, आणि नव्या बंदुकीचा मारा त्यांच्यावरच झाला. उभय पक्षांच्या हाती सारखीच बंदूक दाखविणारा दिग्दर्शक ही विषमता नकळत पुसून टाकतो.

तोफेच्या बाबतीत असाच घोटाळा होतो. पडद्यावर प्रत्येक गोळा पडताच फुटतो, ज्वाळा उसळतात, तट एका दणक्यात कोसळतो. मराठी भाषेने मात्र येथे पूर्वीपासून विवेक राखला आहे. भरीव लोखंडी गोळा वेगळा आणि आत दारू ठासलेला, फुटणारा कुलपी गोळा वेगळा. तोफ वेगळी, गरनाळ वेगळी, उंटावरचा जंबुरा वेगळा. तोड्याची बंदूक निराळी, चकमकीची निराळी. भरीव गोळा फुटत नसे. तो आपल्या वेगाने आणि वजनाने तटाचा दगड हळूहळू ढिला करी.

या संथपणाचा मानवी अर्थ पाहावयाचा असेल, तर जबलपूरच्या त्या घटनेनंतर सहा महिन्यांनी पडलेल्या झाशीच्या वेढ्याकडे वळावे लागते. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज झाशीपुढे ठाकला, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये गोळ्यांच्या माऱ्याखालील शहर दिसते, त्याचप्रमाणे दिवसा पडलेला तट रात्री बांधून काढणाऱ्यांची धडपडही दिसते. तट एका दणक्यात पडत नव्हता, म्हणूनच त्या रात्रींना अर्थ होता. पडद्यावरील स्फोट गवंड्यांना आणि मजुरांना इतिहासातून बाद करतो. उरते ती केवळ वीरनायिकेची तलवार. भिक्षुकी करणाऱ्या, शस्त्रविद्येशी संबंध नसलेल्या भटजींना जे टिपता आले, ते साधनसंपन्न निर्मात्यांना टिपता येऊ नये, याचे नवल वाटते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की कलाकृती म्हणजे शस्त्रागाराची नोंदवही नव्हे. आक्षेप रास्त आहे. व्हेरेश्चागिन या रशियन चित्रकाराने १८८० नंतरच्या दशकात तोफेच्या तोंडी देण्याच्या शिक्षेचे चित्र काढले, तेव्हा त्यातील गोऱ्या सैनिकांना त्याने सत्तावन्नचे नव्हे, तर स्वतःच्या काळातील गणवेश चढविले. तो कालविपर्यास खराच. तथापि ही क्रूरता भूतकाळात जमा झालेली नाही, असा अर्थ त्यातून निघतो. अशा विपर्यासाला कलेत जागा आहे. एखादा खिळा, एखादे बटण चुकल्यानेही काही बिघडत नाही. परंतु ज्या चुकीने पात्रांच्या कृतीमागील कारणच नाहीसे होते, तिला कलास्वातंत्र्याचे नाव देता येणार नाही.

ऐतिहासिक कादंबरीतील एखादे पात्र अलीकडचा शब्द बोलले, तर समीक्षक त्यावर बोट ठेवतात. पात्राच्या हातातील वस्तूही त्याच्या भाषेइतकीच बोलत असते, हे मान्य केले, तर तीच कसोटी पडद्यावरील तोफा-बंदुकांना लावणे क्रमप्राप्त ठरते. त्यासाठी लागणारी सामग्री बखरींत, प्रवासवर्णनांत आणि जुन्या कोशांत विखुरलेली आहे. ती वेचून निर्मात्यांपुढे ठेवण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी केले पाहिजे. शंकर शाहांच्या जीवनावर कोणी चित्रपट काढील, तर त्याला दोन गोष्टी अचूक दाखवाव्या लागतील: ती प्रार्थना आणि ती तोफ. अशा शिक्षेत सामान्यतः गोळा घालीत नसत. केवळ दारूचा बार पुरेसा होई, आणि देह अंत्यसंस्काराजोगा राहू नये हाही दहशतीचा एक भाग असे. ज्वाळांचा लोळ दाखवून दिग्दर्शक प्रेक्षकाला दचकवू शकेल. त्या दहशतीचा हिशेब प्रेक्षकाला कळायचा असेल, तर तोफेत काय भरले होते आणि काय भरले नव्हते, हे दिग्दर्शकाला आधी ठाऊक असले पाहिजे.