भोसरीचा पुरावा, चाकणचा खाडा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि प्रेस यांच्या अखंड घरघरीच्या शेजारी, 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेली संस्था उभी आहे. आणि एचआयव्ही-बाधित जोडीदारास औषधे लवकर सुरू केली तर दुसऱ्यास होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे 9 देशांतील 1763 जोडप्यांच्या साहाय्याने ज्या प्रयोगाने 2011 साली सिद्ध केले, त्यात या संस्थेचाही हिस्सा होता. ज्या पुराव्यावर जगाचे उपचार-धोरण बदलले, त्याचा काही अंश आपल्या वेशीच्या आत गोळा झाला, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटतो.

परंतु इंद्रायणी ओलांडून चाकणला गेले, की त्या सिद्धांताची गाठ हजेरीपटाशी पडते. बीड-लातूरकडून किंवा बिहारातून आलेला, ठेकेदाराच्या पटावर राबणारा एखादा बाधित तरुण डोळ्यांपुढे आणावा. सरकारी केंद्रांतून औषध 2004 पासून विनामूल्य आहे. पण ते आणण्यास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात जायचे, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, पहिली पाळीही सकाळची. म्हणजे खाडा पडणार, रोज बुडणार, आणि मुकादम विचारणार, ‘दर खेपेला दवाखाना कसला रे?’ त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची सोय नाही, म्हणून गोळ्या चुकतात. गोळ्या चुकल्या की दबलेला विषाणू पुन्हा उसळतो, पुढे औषधालाही दाद देईनासा होतो, आणि गावी असलेल्या पत्नीलाही धोका उत्पन्न होतो.

10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती करण्यास मनाई केली आहे, आणि 100 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव कारखान्याच्या दरवाजावर, मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांनी लिहिलेले असावे.

2025 च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत रोखताच आफ्रिकेतील कित्येक दवाखान्यांची दारे मिटली. आपला एड्स-नियंत्रण कार्यक्रम मात्र मुख्यत्वे स्वतःच्या तिजोरीवर चालतो. तेव्हा परक्याने हात आखडल्याची सबब आपल्याला नाही. प्रकृती स्थिर असलेल्यास तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, औषधाची खिडकी आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी उघडी राहावी, आणि कारण न विचारता द्यावयाच्या अर्ध्या दिवसाच्या भरपगारी रजेचे कलम कारखान्यांनी ठेकेदाराच्या करारनाम्यातच घालावे. नव्या करारनाम्यांवर सह्या होतील, त्यापूर्वी ते घातले जावे, एवढीच कारखानदारांना माझी विनंती आहे.

— इंद्रायणीकाठकर