बाळाची मान आणि आईवरील आरोप

मूल स्वमग्न असल्याचे निदान झाले की आपल्या घरांतून पहिला जाब आईलाच विचारला जातो. ती डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठणारी असेल तर तिची नोकरी दोषी. घरी राहणारी असेल तर तिचा मोबाइल. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या आरोपाचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९४३ मध्ये अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा हा पायाभूत दस्तऐवज. उचलण्यासाठी कोणी हात पुढे केले की तान्हे बाळ साधारण चौथ्या महिन्यापासून अंग सावरून तयार होते. आपले बाळ तसे कधीच करीत नसे, हे त्यांतील बहुतेक मातांनी आश्चर्याने सांगितले होते. म्हणजे शरीराची ही खूण प्रथम आयांनी टिपली. पुढे मात्र या साक्षीदारांनाच आरोपी ठरविण्यात आले! आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने दूरवर पसरविला. स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच तो खोडून काढला होता. पण आरोप पुराव्यापेक्षा चिवट असतात.

२०१२ मध्ये बाल्टिमोर येथील संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या सहा महिन्यांच्या भावंडांना हात धरून अलगद बसते केले. ज्यांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले, त्यांतील बहुतेकांची मान मागेच राहिली होती. निदान न झालेल्या काहींचीही राहिली होती, हेही सांगितले पाहिजे. मान उशिरा धरणे म्हणजे स्वमग्नता नव्हे. ते तपासणीचे कारण आहे.

तपासणीची सोय आपल्याकडे आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वाढीचे टप्पे छापलेले असतात. आपण ते लसीपुरतेच उघडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाडीपर्यंत पोहोचला आहे. तरीही कल्याणच्या चाळीत आजी म्हणते, “याचा बापही उशिराच चालला,” आणि पांगुळगाडा आणला जातो. असे मूल आम्हां शिक्षकांसमोर येते ते सहाव्या वर्षी. बाळ उचलताना सैल लागते, असे एखादी सून म्हणाली, तर त्याच आठवड्यात तिच्यासोबत दवाखान्यात जावे, एवढीच माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा आहे.