फलकावरचे आकडे

जुन्नर-आंबेगावातील पालक शाळा निवडताना हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात : वर्गात डिजिटल फळा आहे का, आणि शिष्यवृत्तीत किती मुले आली? दुसरा प्रश्न अर्धाच आहे. परीक्षेला किती बसली, हे प्रवेशद्वारावरील फलक सहसा सांगत नाही. निवडक वीस बसवून अठरा आणणारी शाळा थोर, आणि सारा वर्ग बसवणारी जिल्हा परिषदेची शाळा मागासलेली! शिवाय ही 300 गुणांची परीक्षा पर्याय निवडण्याची. तीत स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. पडद्याचे म्हणाल, तर स्वीडनसारख्या संपन्न देशाने 2023 मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी मुद्दाम निधी दिला. तंत्रज्ञानच दाखवायचे, तर जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. शाळेने मुलांना तिथे कधी नेले होते, हेही मुख्याध्यापकांना विचारावे.