४१७ वी जागा

इ. स. २०२१ च्या जून महिन्यांत रत्नागिरीचें नांव दिल्लीच्या सरकारी पत्रकांत आलें, तें हापुसामुळें नव्हे. करोना-विषाणूचा ‘डेल्टा प्लस’ हा प्रकार आमच्या जिल्ह्यांत व जळगांवांत आढळला असून तो फुप्फुसांतील पेशींस अधिक घट्ट चिकटतो, असें त्यांत म्हटलें होतें. जिल्ह्यांतील एका वृद्ध बाईंचा मृत्युही त्याच महिन्यांत नोंदला गेला. लोकांनीं धसका घेतला, यांत नवल नाहीं.

पण चिकटणें म्हणजे काय? पेशीच्या पृष्ठावर एसीई-२ नांवाचें प्रथिन असतें. रक्तदाब आंवरण्याच्या कामीं तें शरीरानेंच ठेविलेलें. विषाणूच्या अंगावरील कांटे नेमके त्यालाच बिलगतात. मग बहुधा पेशीवरचेंच दुसरें एक प्रथिन कांट्यास छेद देतें, दोहोंचीं आवरणें एक होतात, आणि विषाणूचें आनुवंशिक द्रव्य आंत उतरतें. घरच्याच माणसानें कडी काढून द्यावी, तसा हा प्रकार!

‘डेल्टा प्लस’चा ठळक विशेष असा कीं, कांट्यांतील ४१७ व्या जागीं लायसीन जाऊन अस्पॅराजीन आलें. मौज ही कीं, तें लायसीन विद्युद्भाराच्या ओढीनें एसीई-२ ला धरून असे. तें गेल्यानें पकड उलट कांहींशी सैल होते, असें प्रयोगांत दिसलें आहे. तेव्हां ‘घट्ट’ हा शब्द अंमळ सबुरीनें वापरला असता तर बरें झालें असतें. विषाणूचा लाभ निराळाच होता : त्या जागेवरून कांट्यास ओळखणारीं कांहीं प्रतिद्रव्यें चुकूं लागलीं.

तो प्रकार पुढें फारसा पसरला नाहीं. हाच फरक मात्र वर्षअखेरीस ‘ओमिक्रॉन’मध्यें पुन्हां दिसला, आणि तेथें सैल पकड भरून काढणारे दुसरे फरकही सोबत होते.