जनुकांमधल्या मोकळ्या जागा

पदवीच्या वर्गात आपण अजूनही जनुक म्हणजे गुणसूत्राच्या माळेतला एक मणी, असेच शिकतो आणि शिकवतो. मणी बिघडला की रोग झाला! हे गणित खोटे नाही, पण फार अपुरे आहे.

उदाहरण म्हणून पांढुर्णा-सौंसरचा मुलूख घेऊ. आपल्यासारखाच तोही सीमेवरचा. राज्य मध्य प्रदेश, पण अनेक घरांतली भाषा मराठी. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच वर्षी, १ जुलैला, मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात महाराष्ट्र आहे, तसे कर्नाटकही आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील गोंड समाजात आणि विदर्भातील इतर काही समाजांतही हा आजार आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आता हाच आजार 'जीनोम ब्राउझर'वर पाहावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेने २००० साली मानवी जनुकसंचाचा हा नकाशा सर्वांना विनामूल्य खुला केला. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचे जनुक शोधले, की पडद्यावर जाड ठोकळे आणि त्यांना जोडणारी बारीक रेघ दिसते. ठोकळे म्हणजे जनुकाचे एक्झॉन, रेघ म्हणजे इंट्रॉन. रेघेवरचे बाण उलट दिशा दाखवतात, कारण हे जनुक दुसऱ्या धाग्यावर उजवीकडून डावीकडे वाचले जाते. या जनुकात एका 'ए'च्या जागी 'टी' आला, की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. इथपर्यंत मण्याचा हिशेब जुळतो.

पण दोन रुग्णांत हाच बदल असूनही एकाला वारंवार असह्य वेदना होतात आणि दुसऱ्याला पुष्कळ कमी, असे का? उत्तराचा मोठा भाग शेजारी आहे. गर्भातल्या हिमोग्लोबिनची दोन जनुके त्याच ओळीत उभी असतात. जन्मानंतर ती मंदावतात. ज्याच्यात ती थोडी अधिक चालू राहतात, त्याचा त्रास सौम्य होतो. भारतीय रुग्णांत बहुधा आढळणाऱ्या प्रकारात, यांपैकी एका जनुकाच्या आरंभाच्या १५८ अक्षरे आधी, एक वेगळे अक्षर असते. ते प्रथिनाच्या मजकुरात नाही. मोकळ्या वाटणाऱ्या जागेत आहे.

अशा जागा निकामी नसतात, हे नियामक घटकांचे पट्टे उघडले की कळते. तेथे प्रवर्तक तांबड्या रंगात, दूरचे एन्हान्सर पिवळ्या रंगात दिसतात. एन्हान्सर म्हणजे जनुक कोणत्या पेशीत किती चालावे हे ठरवणारी कळ. रक्तपेशींच्या नोंदीत जेथे उंच शिखर दिसते, तेथे दुसऱ्या पेशींच्या नोंदीत सपाट मैदान असू शकते. दुसऱ्या गुणसूत्रावरील 'बीसीएल ११ ए' हे जनुक गर्भाचे हिमोग्लोबिन दाबून ठेवते. त्याच्या इंट्रॉनमधला, रक्तपेशींपुरताच काम करणारा एन्हान्सर कापून टाकणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! उपचार आपल्या आवाक्याबाहेरचा; पण त्यामागचे ज्ञान तरी तसे का राहावे?

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम आधीच जड आहे. कांद्याच्या मुळाची स्लाईड आपण वर्षानुवर्षे करतो. ती जरूर करावी. पण तिच्या जोडीला एक प्रात्यक्षिक हे का नसावे? त्याला रसायने लागत नाहीत. एक संगणक, इंटरनेट आणि समजावून सांगणारा प्राध्यापक पुरे.

एक सावधगिरी मात्र शिकवलीच पाहिजे. पडद्यावरचा प्रत्येक पट्टा ही माणसांनी केलेली नोंद आहे. ती आवृत्तीगणिक सुधारते. मूळ संदर्भ-जनुकसंचही मोजक्या व्यक्तींच्या नमुन्यांतून जुळवलेला, आणि त्यातला बहुतांश एकाच व्यक्तीचा. तेव्हा नकाशा पाहून कोणी कोणाचे निदान करू नये. त्यासाठी रक्ततपासणीच हवी.

वाहक म्हणून नोंद झालेला विद्यार्थी उद्या आपल्याच वर्गात बसलेला असेल. 'तुझ्या रक्तात दोष आहे' एवढेच ऐकून त्याने मान खाली घालावी, की आपल्या अकराव्या गुणसूत्रावर नेमके काय लिहिले आहे आणि ते वाचले कसे जाते, हे त्याने समजून घ्यावे? महाविद्यालयाने यांपैकी दुसरी वाट मोकळी करून द्यावी.