घरचा आठवडा : माळ्यावरचा तंबोरा

रात्रीं साडेआठ वाजतां घरांतील सर्व मोबाईल देवघराबाहेरच्या तांब्याच्या तबकांत जमा करावयाचे, असा ठराव आमच्या घरीं बहुमतानें संमत झाल्याचें मागील अंकीं सांगितलेंच आहे. विरोधी मतांत एक मत आमचें स्वतःचें होतें, हेंहि कबूल केलें पाहिजे. त्यापुढील अर्धा तास घरांतील लहानमोठ्या अकरा माणसांनीं एकत्र बसून कांहीं वाचावें, ऐकावें अथवा पाहावें, असा बेत आहे. त्याच अर्ध्या तासाचें वृत्त येथें द्यावयाचें. परंतु या खेपेस लेखणी नेहमींसारखी चालत नाहीं. त्याचें कारण ओघानें येईल.

सोमवारीं व मंगळवारीं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चें वाचन झालें. धाकट्या सूनबाईंनीं वाचलें. १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत निघालेलें हें पुस्तक आमच्या कपाटांत कित्येक वर्षें आहे. पण मोठ्यानें वाचूं लागलें म्हणजे तें निराळेंच होतें. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोंवळ्याचा अतिरेक ऐकून मुलें पोट धरधरून हंसलीं. त्या सोंवळ्याखालीं वाढणाऱ्या पोरींचें काय होत असेल, हें मनांत येऊन मोठीं माणसें मात्र गप्प झालीं. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या, शाळेंत न गेलेल्या बाईंनीं एवढें पुस्तक लिहिलें तरी कसें, असें आमच्या चौदा वर्षांच्या नातीनें विचारलें. सूनबाई म्हणाल्या, “मुलाला वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, त्यानें आईजवळ आठवणी मागितल्या.” हें उत्तर त्या वेळीं आमच्या कानांवरून गेलें. मनांत शिरावयास रविवार उजाडावा लागला.

बुधवारीं ‘गीतरामायण’ लावलें. १९५५ च्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीवरून वर्षभर दर आठवड्यास एक नवें गीत, अशीं ५६ गीतें माडगूळकरांनीं लिहिलीं व सुधीर फडक्यांनीं त्यांस चाली दिल्या. आमच्या थोरल्या काकू डोळे मिटून मांडीवर बोटांनीं ताल धरीत होत्या. काकूंचें वय ८७. दृष्टि अधू झाल्यापासून त्यांचें वाचन सुटलें. खरें म्हणजे हा उपक्रम त्यांच्यासाठींच निघाला. गीत संपल्यावर त्या म्हणाल्या, “हें पहिल्यांदा लागलें तेव्हां मीं मिरजेला शेजारच्या रेडिओवर ऐकलें. सरगमहि वहींत उतरून घेतली होती.” कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. दूध विरजावयाचें होतें, दारें लावावयाचीं होतीं.

गुरुवारीं नातीच्या रियाजाची अडचण उभी राहिली. तिचा तंबोरा मोबाईलमध्यें वाजतो, आणि मोबाईल तबकांत. ज्यांनीं कायदा केला त्यांनींच तो मोडावा काय, यावर गंभीर खल चालला असतां ती म्हणाली, “पण आपल्याकडे खरा तंबोरा नाहीं का?”

“आहे कीं,” काकू म्हणाल्या. “माळ्यावर.”

शुक्रवारीं तो खालीं काढला. जुन्या नऊवारी लुगड्यांत गुंडाळलेला, मिरजेच्या कारागिरांनीं केलेला तंबोरा. लुगड्याची गांठ सुटली आणि आम्हांस सर्व आठवलें. १९५७ सालीं काकू नवी नवरी म्हणून या घरांत आल्या, तेव्हां आम्ही सहा वर्षांचे होतों. त्यांच्या सामानांतलें हें लांबलचक बोचकें पाहून, “नव्या काकूंनीं माहेरचा भोपळा आणला,” असें आळींत सांगत सुटलों होतों. पुढें पुष्कळ वर्षें तो त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यांत उभा असे. १९८४ सालीं घराला रंग काढला, त्या वेळीं आम्हींच शिडीवर चढून तो माळ्यावर सारला. काकूंना विचारलें नाहीं. “चला, अडगळ कमी झाली,” असें मात्र म्हणालों. हें वाक्य आम्हांस शब्दशः आठवतें. न आठवतें तर बरें होतें.

शनिवारीं सकाळीं तंबोरा दुरुस्तीस नेला. भोपळ्यास बारीकशी चीर, एक खुंटी सैल, तारा गंजून गेलेल्या. कारागिरानें भोपळ्यावर टिचकी मारून कान लावला व “जीव आहे अजून” एवढेंच म्हणाला. चिरेचें काम पुढें करावयाचें ठरवून त्यानें तूर्त खुंटी बसवून नव्या तारा चढवून दिल्या. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं सरकारचें भौगोलिक मानांकन मिळालें आहे, असें चिरंजीवांनीं वाटेंत सांगितलें. माळ्यावरच्या तंबोऱ्यास त्याचा काय उपयोग, हा प्रश्न आम्हीं गिळला.

त्या रात्रीं नियम सैल करून प्रभातचा ‘कुंकू’ पाहिला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं १९३७ सालीं काढलेल्या या बोलपटांत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. जें ऐकूं येतें तें घरांतलेंच, आणि घड्याळाचे टोले तर छातीवर पडतात. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली नीरा शांता आपट्यांनीं अशी उभी केली आहे कीं, आजच्या मुलीहि सांवरून बसल्या. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनीं काकासाहेबांच्या मुलीची भूमिका केली असून ती वडिलांची नव्हे, तर सावत्र आईची बाजू घेते. मुलांनीं काकासाहेबांस यथेच्छ दूषणें दिलीं. आम्हांसहि समाधान वाटलें. आमच्या घरीं असा काकासाहेब कोणी झाला नाहीं. आजोबा सुधारक मतांचे, काका शांत स्वभावाचे. गाऊं नको, असें काकूंना कोणीं कधीं म्हटलें नाहीं. त्या समाधानांत आम्हांस झोपहि चांगली लागली.

रविवारीं दुपारीं काकूंनीं तंबोरा पुढें घेतला. मधल्या दोन तारा षड्जांत मिळविल्या, पहिली पंचमांत, शेवटची खर्जांत. मग शिवणाच्या डब्यांतला दोरा मागितला. तो तारेखालीं घोडीवर हळूहळू सरकवीत नेतां नेतां त्या एके जागीं थांबल्या, आणि तोंवर नुसती वाजणारी तार एकदम घुमूं लागली. “ही जवारी,” त्यांनीं नातीस सांगितलें. “दोरा केंसभर इकडे तिकडे झाला तरी जाते.” साठांहून अधिक वर्षें ज्या हातानें हें काम केलें नव्हतें, तो हात एकदांहि चांचपडला नाहीं.

नात यमन गाऊं लागली. थोड्या वेळानें काकूंनीं तिला थांबविलें. “गंधारावरून पळूं नकोस. त्याच्याजवळ जरा बैस.”

“मोठी आजी, तूंच गाऊन दाखव ना!”

“आवाज गेला ग. कान तेवढा राहिला आहे.”

आम्हांस राहवलें नाहीं. म्हटलें, “काकू, इतकीं वर्षें तुम्ही कधीं बोललां नाहींत?”

“कोणीं विचारलें नाहीं, रे,” विरजण लागलें कीं नाहीं हें सांगावें तितक्या साध्या आवाजांत त्या म्हणाल्या. “आणि न विचारतां सांगितलें असतें, तर तें गाऱ्हाणें झालें असतें.”

नीरेसमोर काकासाहेब होते, म्हणून तिला भांडतां तरी आलें. आमच्या काकूंना भांडावयास समोर कोणी नव्हतेंच; होतीं तीं सर्व भलीं माणसें. मनाई करणाऱ्याचा दोष चारचौघांस दिसतो, त्याच्यावर बोलपटहि निघतो. न विचारणाऱ्याचा दोष कोणासच दिसत नाहीं, आणि त्याला स्वतःला तर सर्वांत उशिरां दिसतो. लक्ष्मीबाईंजवळ मुलानें आठवणी मागितल्या. आम्हीं काकूंचा तंबोरा माळ्यावर ठेवला.

या सोमवारपासून अर्ध्या तासांतलीं पहिलीं दहा मिनिटें काकूंचीं व नातीचीं. मिरजेची ती वही मात्र सांपडली नाहीं. १९८४ च्या रंगकामांत कोणती रद्दी गेली, हें काकूंना माहीत असेल. पण तें विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.

वाचकांच्या माळ्यांवर काय आहे, हें आम्ही कोठून सांगणार? घरांत कोणास तरी तें ठाऊक असेल. पुढील अंक हातीं येण्यापूर्वीं एकवार विचारून पाहावें, एवढीच विनंति.